बाबाजीची मान

हात नाहीत, पाय नाहीत, कमरेच्या खाली तर काहीच नाही. पण मित्रांनो, एवढ्यावरून मला मोडकं खेळणं समजू नका. मी एक जुना रबरी पुतळा आहे. माणूस अचानक कोसळला, त्याचा श्वास थांबला, तर त्याची छाती कशी दाबायची आणि त्याला आपला श्वास कसा द्यायचा, हे लोक माझ्या अंगावर शिकतात. भाईंदर पश्चिमेला एका मंडळाच्या कार्यालयात, ढोल-ताशांच्या शेजारी, एका निळ्या पेटीत माझा मुक्काम असतो. दहा-अकरा वर्षांत हजारेक माणसांनी माझी छाती दाबली असेल. त्याचं मला काही वाटत नाही, त्यासाठीच तर मला बनवलं. मला वाटतं ते माझ्या मानेचं. त्या मानेपायी एका घरातला तरुण मुलगा गेला. ती गोष्ट ऐकायला बरी वाटणार नाही, तरी ऐका.

मी जन्मलो एका कारखान्यात. माझ्या छातीत एक दणकट स्प्रिंग बसवली. दोन इंच खोल दाबलं की आतून ‘टक’ असा आवाज येतो, त्याहून कमी दाबलं तर मी गप्प. स्प्रिंगच्या खाली एक पातळ पिशवी आहे, ते माझं फुप्फुस. पण कारखान्यातल्या लोकांनी खरी अक्कल खर्च केली ती माझ्या मानेवर. बेशुद्ध माणसाची जीभ सैल पडते आणि मागे सरकून घसा बंद करते. मग तोंडातून कितीही फुंकलं तरी हवा आत जात नाही. कपाळावर एक हात ठेवून मान मागे न्यायची, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी हनुवटी वर उचलायची, की वाट मोकळी होते. माझी मानही तशीच केलेली होती. ती मागे नेल्याशिवाय माझ्या घशातली नळी उघडायचीच नाही. पॅकिंगला बसणारी एक बाई प्रत्येक पुतळ्याची मान वीस वेळा मागे-पुढे करून बघायची आणि मगच खोक्यात ठेवायची. माझ्या वेळी तिची जेवणाची सुट्टी झाली होती. तरी तिनं वीस वेळा करून बघितलं आणि मगच डबा उघडला.

भाईंदरला मला आणलं आत्माराम सरांनी. सर मूळचे राजापूरकडचे, मुंबईतल्या एका इस्पितळात ऑपरेशन थिएटरमध्ये मदतनीस होते. निवृत्त झाल्यावर जेसल पार्कला राहायला आले आणि पहिल्याच वर्षी मंडळाच्या मागे लागले की विसर्जनाला खाडीवर जाणाऱ्या कार्यकर्त्यांना निदान एवढं तरी आलंच पाहिजे. मंडळानं मला विकत घेतलं. डोळे मिटलेले, तोंड उघडं, दुपारच्या जेवणानंतर लवंडलेल्या आजोबांसारखा माझा अवतार बघून पहिल्याच वर्गात कुणीतरी मला ‘बाबाजी’ म्हटलं. नाव चिकटलं ते चिकटलंच.

सर कडक होते. कुणी मान मागे न करता फुंकलं आणि माझी छाती हलली नाही, की ते म्हणायचे, “बाबाजी नाही म्हणतोय. परत.” कितीही दमलेला माणूस असो, परत म्हणजे परत. “मान मागे, हनुवटी वर,” हे चार शब्द ते पाढ्यासारखे म्हणून घ्यायचे. त्याचं फळही मिळालं. बाजारात चहापत्तीचं दुकान चालवणाऱ्या अभिनवनं एका गिऱ्हाइकाला दुकानाच्या पायरीवर छाती दाबून परत आणलं. दुसऱ्या दिवशी तो पेढे घेऊन आला आणि त्यातला एक माझ्या उघड्या तोंडासमोर ठेवून गेला. मंडळानं सरांना शाल दिली. मला काही दिलं नाही, पण तो पेढा मी अजून विसरलो नाही.

मग करोना आला. दोन वर्षं वर्ग बंद. माझी पेटी कपाटावर गेली, तिच्यावर मांडवाचे पडदे आणि त्यावर झांजांचं पोतं. दोन उन्हाळे मी पत्र्याखाली तापलो. पेटी खाली काढली तेव्हा माझ्या मानेतली खीळ मोडलेली होती. डोकं धरलं तर धरलं, सोडलं की छातीवर पडायचं.

सरांनी कमिटीला सांगितलं. कमिटी म्हणाली, पुढच्या वर्षी बघू. विसर्जन तोंडावर आलं होतं, शिकणारे येऊन बसले होते. सरांनी एका जुन्या फडक्याची घट्ट वळकटी केली, माझ्या मानेमागे सारली, डोकं मागे झुकवलं आणि सगळ्याला पांढऱ्या चिकटपट्टीचे वेढे दिले. माझं डोकं कायमचं मागे बसलं, घशाची वाट कायमची उघडी राहिली. आता कुणीही यावं, फुंकावं, माझी छाती फुगायची.

“सर, जुगाड एक नंबर!” पोरं म्हणाली. सर हसले. त्या हसण्यानं माझ्या अंगावर काटा आला असता, पण रबराला काटा येत नाही.

पहिल्या वर्षी सरांनी आठवणीनं सांगितलं, “खऱ्या माणसाची मान अशी बांधलेली नसते. ती आपण मागे करायची.” दुसऱ्या वर्षी अर्ध्या वर्गाला सांगितलं, तेवढ्यात फोन आला. तिसऱ्या वर्षी एका तासात साठ माणसांना शिकवायचं होतं. सर छातीवर बोलले, ‘टक’वर बोलले, तीस दाब आणि दोन श्वास यावर बोलले. मानेवर बोलायचं राहून गेलं, कारण मान दुरुस्त दिसत होती. मी साठ जणांना फसवलं, मित्रांनो. साठही जणांच्या श्वासानं माझी छाती फुगली आणि सगळे पास झाले.

त्या साठांत पहिली आली गिरिजा. तिशीची, औषधांच्या दुकानात काम करणारी, बोलायला कमी. तिचे दाब इतके एकसारखे पडत होते की सरांनी वर्ग थांबवून सगळ्यांना बघायला लावलं. तिला प्रमाणपत्र मिळालं. तिच्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या मंदाकाकू ते बघायला मुद्दाम आल्या. काकू माणगावकडच्या, पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायच्या. नवरा गेल्यापासून घरात त्या आणि त्यांचा मुलगा दिपेश एवढेच. दिपेश चोवीस वर्षांचा, स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशचं काम करायचा. गिरिजाला तो ताई म्हणायचा.

पाच दिवसांच्या गणपतीचं विसर्जन होतं. खाडीच्या घाटावर मंडळानं प्रथमोपचाराचा छोटा मांडव टाकला होता. लोकांनी बघावं म्हणून मला टेबलावर झोपवलं होतं, मानेला चिकटपट्टी तशीच. आत्माराम सर दुसऱ्या घाटावर होते. आमच्या मांडवात गिरिजा बसली होती. दुपारचे चार वाजले असतील, ऊन चांगलंच होतं.

दिपेश घरचा गणपती पाटावर घेऊन आला. काकू मागून आरतीचं ताट घेऊन. त्यानं मांडवात डोकावून माझ्या गालावर टिचकी मारली.

“काय बाबाजी, जेवलात का?”

“दिपेश, भरती चढतेय,” गिरिजा म्हणाली. “मूर्ती त्या पोहणाऱ्यांकडे दे. तू आत नको जाऊस.”

“ताई, घरचा बाप्पा आहे. कमरेएवढ्या पाण्यात जातो आणि येतो. आलोच.”

मूर्ती सोडून तो वळला आणि चिखलातल्या खड्ड्यात गेला. गर्दीत आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. घाटावरच्या पोहणाऱ्यांनी त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते, तोंडाला फेस होता आणि श्वास चालत नव्हता. त्यांनी त्याला माझ्या टेबलाशेजारी जमिनीवर ठेवलं.

“उल्टा करो उसको! पानी निकालो पहले!” एकजण ओरडला.

“पोट दाबा, पोट!” दुसरा.

“कुणी हात लावायचा नाही,” गिरिजा म्हणाली. तिचा आवाज एवढा मोठा मी कधी ऐकला नव्हता. “एकशे आठला फोन करा. मागे व्हा सगळे.”

तिचं बरोबर होतं. बुडालेल्या माणसाला उलटा टांगून किंवा पोट दाबून काही मिळत नाही, वेळ मात्र जातो. त्याला हवी असते हवा. तिनं वाकून त्याच्या तोंडात श्वास दिला. छाती वर आली नाही. पुन्हा दिला, तरी आली नाही.

तेवढ्यात मंदाकाकू गर्दीतून वाट काढत पोचल्या. मुलाचं डोकं दगडावर टेकलेलं त्यांना बघवेना. पाटावर अंथरलेलं लाल कापड त्यांच्या खांद्यावर होतं. त्यांनी त्याची जाड घडी केली आणि त्याच्या डोक्याखाली सारली. आपल्याकडे कुणी पडलं की पहिल्यांदा उशी शोधतात. काकूंनी तेच केलं. त्यांच्या मायेत काही खोट नव्हती, पण त्या घडीनं दिपेशची हनुवटी छातीकडे वळली आणि उरलीसुरली वाटही बंद झाली.

गिरिजानं ते बघितलं आणि तसंच राहू दिलं. का, ते मला त्या क्षणी कळलं. माझ्याही मानेमागे फडक्याची वळकटी होती. तिला वाटलं, असंच असतं.

ती छाती दाबू लागली. मित्रांनो, ते दाब मी दिलेले होते, म्हणजे माझ्यावर शिकलेले. तळहाताची टाच छातीच्या मधोमध, कोपर ताठ, दोन इंच खोल, मग छाती पूर्ण वर येऊ द्यायची. त्यात कुठे चूक नव्हती. तीस झाले की दोन श्वास. श्वास आत जात नव्हते. ती घामानं निथळत होती, पुन्हा तीस, पुन्हा दोन. मी दीड हातावर पडलो होतो. मान मागे, गिरिजा. हनुवटी वर. उघड्या तोंडानं मी ते म्हणत होतो, पण माझ्या तोंडातून आवाज निघत नाही.

मिरवणुकीतून वाट काढत ॲम्ब्युलन्स यायला अकरा मिनिटं लागली. त्यातला डॉक्टर नीलेश धावत आला, गुडघ्यांवर बसला, एका हातानं लाल कापड ओढून बाजूला टाकलं, कपाळ मागे केलं, हनुवटी उचलली, तोंडातला फेस पुसला आणि तोंडावर मास्क लावून त्याला जोडलेली हवेची पिशवी दाबली. दिपेशची छाती वर आली. पहिल्याच वेळी.

गिरिजाचे हात थांबले. “एवढंच होतं?” ती म्हणाली.

“दाबत राहा, ताई, थांबू नका,” नीलेश म्हणाला. ती पुन्हा दाबू लागली, पण तिचा चेहरा मी बघत होतो.

ॲम्ब्युलन्समध्येच हृदय पुन्हा सुरू झालं. भाईंदरमध्ये त्या संध्याकाळी लोक म्हणाले, वाचला. नाही वाचला. मेंदूला बराच वेळ प्राणवायू मिळाला नव्हता. आठ दिवस तो यंत्रावर होता, नवव्या दिवशी गेला. वेळेवर मान मागे झाली असती तर तो जगलाच असता, असं कुणी शपथेवर सांगू शकत नाही. पण त्या अकरा मिनिटांत त्याला श्वास मिळायला हवा होता आणि तो मिळाला नाही. हे मी शपथेवर सांगतो.

तेराव्यानंतर एका सकाळी सर एकटेच कार्यालयात आले. पेटी उघडून माझ्यासमोर बसून राहिले. घाटावर काय झालं ते नीलेशकडून त्यांना कळलं होतं. थोड्या वेळानं दारात गिरिजा आली.

“सर, तुम्ही बोलावलंत?”

“बस. तुला एक सांगायचंय.” सरांनी कात्री घेतली आणि माझ्या मानेची चिकटपट्टी कापली. वळकटी सुटून खाली पडली. माझं डोकं छातीवर आदळलं. “हे बघ. ही मान मोडकी आहे. मान मागे करायची असते, हे मी तुझ्या बॅचला शिकवलंच नाही. विसरलो. तुझी चूक नाही, माझी आहे.”

गिरिजानं ती वळकटी उचलली.

“सर, काकूंनी त्याच्या डोक्याखाली कापड ठेवलं होतं. मी बघितलं. मला वाटलं, बाबाजीच्या मानेला पण असतंच की. म्हणून नाही काढलं.” तिला रडू फुटलं. “काकूंना हे कळायला नको, सर. त्यांना वाटतंय, त्यांनी त्याला शेवटचा आधार दिला. तेवढंच आहे त्यांच्याकडे.”

“माझी चूक मी सगळ्यांना सांगणार,” सर म्हणाले. “कापडाचं नाही सांगणार. कुणालाच नाही.”

नंतर सर मला काखोटीला मारून काशीगावला घेऊन गेले. तिथल्या सदू मेकॅनिकनं मला बाकावर ठेवून खालून-वरून न्याहाळलं. “मास्तर, याला हात न्हाय, पाय न्हाय. मान तरी धड पायजे ना?” दुचाकीच्या कुठल्याशा भागातून त्यानं खीळ केली, नवी स्प्रिंग बसवली. अर्ध्या दिवसाचं काम. ते आम्ही तीन वर्षं पुढे ढकललं होतं. त्या बाकावर पडल्या पडल्या मला जी शरम वाटली ती सांगता येत नाही.

यंदाच्या श्रावणात पुन्हा वर्ग भरला. शिकवायला सरांबरोबर गिरिजा होती. सरांनी सुरुवातीलाच ती कापलेली चिकटपट्टी सगळ्यांना दाखवली आणि दिपेशचं नाव घेऊन आपली चूक सांगितली. मागच्या रांगेतून एक बाई उठून पुढे आली. मंदाकाकू होत्या. केस सगळे पांढरे झाले होते.

“मला शिकायचंय,” त्या म्हणाल्या.

“काकू, तुम्ही नका,” गिरिजा घाईनं म्हणाली. “तुमचे गुडघे दुखतात. बसा ना तिकडे.”

काकूंनी ऐकलं नाही. माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसल्या. गिरिजानं दाखवलं तसा कपाळावर हात ठेवला, दोन बोटांनी हनुवटी उचलली. पोळ्या लाटून टणक झालेली बोटं होती ती. त्यांनी श्वास दिला आणि माझी छाती वर आली. मला वाटलं, आता उठतील. त्या उठल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून तेच लाल कापड काढलं, त्याची जाड घडी केली आणि माझ्या डोक्याखाली ठेवली.

“काकू, नको,” गिरिजा म्हणाली.

काकूंनी वाकून फुंकलं. छाती हलली नाही. पुन्हा फुंकलं, गाल दुखेपर्यंत. मी काय करू, मित्रांनो? मला खोटं फुगता येत नाही. सदूनं मान चोख केली होती.

काकूंनी घडी काढून घेतली आणि मांडीवर ठेवली. “त्या डॉक्टरनं हे ओढून टाकलं होतं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “वर्षभर मी विचार करतेय, का टाकलं म्हणून. तुला माहीत होतं ना, गिरिजा?”

गिरिजानं मानेनंच हो म्हटलं.

“तू वर्षभर एकटीनं घेऊन बसलीस होय हे?” काकूंनी तिला जवळ ओढलं. दोघी माझ्या छातीवर डोकं टेकून रडल्या. सर खिडकीकडे तोंड करून उभे होते. मग काकूंनी डोळे पुसले आणि समोर बसलेल्या माणसांकडे वळल्या.

“डोक्याखाली काही ठेवू नका रे. मी ठेवलं होतं.”

मित्रांनो, माझं आयुष्य आता फार उरलेलं नाही. रबराला चिरा गेल्यात, ‘टक’ही जरा बसका येतो. मी गेलो तर दुसरा पुतळा येईल. त्याचं काही मोडलं तर तो दुरुस्त करा, बांधून ठेवू नका. जे मोडलंय ते धड असल्यासारखं दिसू लागलं, की माणसं त्याच्यावर बोलायचं सोडून देतात, हे मी माझ्या मानेवर शिकलो.

ते लाल कापड काकूंनी घरी नेलं नाही. ते माझ्या निळ्या पेटीत असतं. आता प्रत्येक वर्गाला काकू येतात. ते कापड माझ्या डोक्याखाली ठेवतात आणि शिकायला आलेल्याला म्हणतात, फुंक. तो फुंकतो, माझी छाती हलत नाही. सगळ्यांनी ते नीट बघेपर्यंत काकू थांबतात. मग आपल्या हातानं कापड काढून घेतात, माझी मान मागे करतात आणि म्हणतात, “आता फुंक, बाळा.”